विकतची हरळी

तयार लॉन घरी आणणं म्हणजे सोफा आणण्याइतकं सोपं, असं आम्हाला वाटलं होतं. टेम्पो आला, रोल उलगडले, पाणी मारलं... झालं! ऐन एप्रिलमध्ये पुण्यात लॉन अंथरून, ते वाळवून आणि मग पुन्हा पहिल्यापासून लावून जे शिकलो, त्याची ही गोष्ट.

शनिवारी दुपारी दोन वाजता इंटरकॉम वाजला. वॉचमन म्हणाला, ‘‘मॅडम, तुमचं गवत आलंय. आत सोडू का?’’

गवत काय? लॉन म्हण ना, लॉन! मी पायात चपला सरकवून पळतच गेटवर गेले. टेम्पोत गवताच्या वळकट्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. हिरव्यागार, ओल्या, आणि पहिल्या पावसाला येतो तसा मातीचा वास. एकूण 300 चौरस फूट. बावधनला तळमजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा बिल्डरने ‘प्रायव्हेट गार्डन’ या गोंडस नावाखाली मुरमाचा एक तुकडा आमच्या गळ्यात मारला होता. दोन वर्षं आम्ही त्यावर फक्त कपडे वाळत घातले. आता अचानक घाई झाली होती, कारण अण्णा राहायला येणार होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. गाव माण तालुक्यात, दहिवडीहून आत. आई गेल्यावर वर्षभर एकटेच राहिले, हट्टाने. मग गुडघ्याने दगा दिला आणि शेवटी एकदाचे ‘येतो’ म्हणाले. पण त्याआधी फोनवर एक वाक्य बोलून गेले होते, ‘‘तुझ्या घरी पाय कुठं टेकायचा गं? समदी फरशीच.’’ ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून हे लॉन.

मंगळवारी अण्णा आले. बॅग खाली ठेवायच्या आधी मी त्यांना बाल्कनीच्या दारात नेलं. ते पायरीवर बसले, वाकून एक काडी उपटली, डोळ्यांजवळ धरून बघितली आणि म्हणाले, ‘‘आगं, ही तर हरळी! इकत आणलीस?’’

आणि हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आई गेल्यानंतर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

त्यांचं हसणं चुकीचं नव्हतं. नर्सरीत ज्याला बर्म्युडा म्हणतात ती म्हणजे आपली हरळीच. गणपतीला वाहतो त्या दूर्वा. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. क्रिकेटच्या मैदानांवर, गोल्फ कोर्सवर तिच्याच निवडक आणि संकरित जाती असतात. शेतात मात्र ती पक्की वैरीण. माझ्या लहानपणी अण्णा नांगराच्या मागे वाकून हरळीच्या मुळ्या वेचायचे, बांधावर वाळवायचे आणि पेटवून द्यायचे. एक कांडं मातीत राहिलं, तरी पुढच्या पावसाला पुन्हा हजर! त्या माणसाच्या लेकीने तीच हरळी फुटाच्या भावाने विकत आणली होती.

पण खरी गंमत पुढेच आहे. शेतकऱ्याला जी चाळीस वर्षांत मारता आली नाही, ती हरळी आम्ही पंधरवड्यात मारून दाखवली!

आमचे पाच पराक्रम

पराक्रम नंबर एक. रोल शनिवारी दुपारी आले आणि अंथरायला माणसं मिळाली रविवारी संध्याकाळी. तोवर सगळ्या वळकट्या ताडपत्रीखाली, एकावर एक. वाटलं, सावलीत आहेत, मस्त राहतील. पण कापलेलं गवतही श्वास घेत असतं आणि गुंडाळलेल्या ढिगात ती उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही. रविवारी मधली वळकटी उलगडली तर आत हात लावला की चटका बसत होता. काही पाती पिवळी पडायला सुरुवातही झाली होती.

पराक्रम नंबर दोन. जमिनीची तयारी. लॉनवाल्याने मुरमावर इंचभर लाल माती पसरली आणि वर कार्पेट टाकलं. खाली काय आहे, ते ना त्याने बघितलं ना आम्ही.

तीन, आम्ही एप्रिल निवडला. चार, पाणी रात्री. नवरा ऑफिसहून नऊ वाजता येणार, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात पाइप धरून वीस मिनिटं उभा राहणार. त्याच्या मते हे मेडिटेशन होतं. गवताच्या मते हा छळ होता. दिवसभर उन्हात तहानलेलं राहायचं आणि रात्रभर ओल्या अंगाने झोपायचं! पाच, आठव्या दिवशी पाती जरा फिकट दिसली, तर कुणाच्या तरी सल्ल्याने मूठभर युरिया फेकला. दोन दिवसांनी, जिथे जिथे दाणे पडले होते, तिथे तिथे करपलेले ठिपके.

आणि एवढं करून आम्ही फिरायला गेलो. एक मेच्या सुट्टीला जोडून रजा टाकली आणि चार दिवस कोकणात. अण्णा म्हणाले, ‘‘तुमी जावा, मी हाय घरी.’’ सोसायटीच्या माळ्याला पाण्याचं सांगून ठेवलं होतं. सगळं सेट!

आम्ही निघालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सोसायटीत नोटीस लागली. पाणी कमी येतंय, टँकर सुरू झालेत, तेव्हा कुणीही बागेला नळाचं पाणी घालायचं नाही. माळी आलाच नाही. अण्णांनी फोनवर मला एका अक्षराने कळवलं नाही.

चौथ्या दिवशी रात्री परत आलो. सकाळी दार उघडून बघते तर भाजलेला पापड. कडा वर वळलेल्या, दोन तुकड्यांमध्ये बोटभर फटी. फक्त बाथरूमच्या दाराजवळ, मागच्या पायरीला लागून, अंगणातल्या रांगोळीएवढा एक तुकडा हिरवागार होता.

‘‘हे कसं काय राहिलं?’’ मी विचारलं.

अण्णा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, ‘‘आंघुळीचं पाणी घातलं. तिथवरच नेता येत हुतं.’’

त्यांचा गुडघा टरारून सुजला होता. चार दिवस सकाळ-संध्याकाळ ते बादलीत आंघोळीचं पाणी साठवून, एका हाताने भिंत धरून, माझं लॉन जगवत होते. मला काय बोलावं तेच सुचेना. जे लॉन मी त्यांच्या पायांसाठी आणलं होतं, त्यानेच त्यांचे पाय धरले होते.

मुळात मुळंच नसतात!

त्यानंतरचे दोन-तीन वीकेण्ड मी वाचण्यात आणि विचारण्यात घालवले. नर्सरीवाल्या काकांना विचारलं, एका मैदानाच्या माळ्याला विचारलं, पण सगळ्यांत जास्त विचारलं अण्णांना. आणि सगळ्याचं सार एका वाक्यात आलं. नवीन लॉन हे ‘तयार’ लॉन नसतं. ते ऑपरेशन होऊन नुकतंच घरी आलेलं पेशंट असतं.

कारण साधं आहे. नर्सरीत कार्पेट कापतात, तेव्हा गवतासोबत जेमतेम बोटाच्या पेराएवढी माती येते. बाकीच्या मुळ्या तिकडेच शेतात राहतात. वरची पाती मात्र सगळीच्या सगळी शाबूत. म्हणजे खर्च पूर्वीइतकाच आणि उत्पन्न जवळजवळ बंद. पुण्याच्या एप्रिलमध्ये पारा 38-40 अंशांवर असताना पात्यांतून पाणी उडतच राहतं आणि ते भरून काढायला खाली मुळंच नसतात. त्या पातळशा मातीतलं पाणी एका दुपारीत संपतं. कडा आधी वाळतात, कारण तिथे वारा बाजूनेही लागतो. तुकडे आकसतात, फटी पडतात आणि फटींमुळे कडा आणखी वाळतात.

हरळी एवढी चिवट का, याचंही उत्तर इथेच आहे. तिची सगळी ताकद जमिनीखालच्या कांड्यांत आणि खोल गेलेल्या मुळ्यांत असते. तीच आपण कापून आणतो. अण्णांच्या शेतातली हरळी आणि माझ्या टेम्पोतली हरळी एकच. फरक फक्त मुळांचा.

म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आपलं काम एकच. गवत ‘हिरवं दिसावं’ म्हणून नाही, तर मुळं खाली उतरावीत म्हणून धडपडायचं.

एका माणसाचं पाणी

सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका काकांनी सगळ्यांसमोर ऐकवलं, ‘‘इथे लोक टँकरचं पाणी पितात आणि काही जणांना गवताचे शौक!’’ मला प्रचंड राग आला. घरी येऊन मी हिशेब मांडला, त्यांना खोटं पाडायला.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आमचं लॉन 300 चौरस फूट, म्हणजे सुमारे 28 चौरस मीटर. नव्या लॉनला भर उन्हाळ्यात दिवसाला किमान 5 मिलिमीटर पाणी धरलं, तर 140 लिटर. रोज! आणि शहरात एका माणसाला दिवसाला किती पाणी मिळावं, याचं आपल्याकडचं प्रमाण मानलं जातं 135 लिटर.

म्हणजे आमच्या घरात एक माणूस वाढला होता. जो रोज आंघोळ करत होता, कपडे धूत होता आणि मेंटेनन्स भरत नव्हता.

मी हिशेब अण्णांना दाखवला. बहात्तरच्या दुष्काळात, वयाच्या सतराव्या वर्षी, हा माणूस रस्त्याच्या कामावर खडी फोडून सुकडी खात होता. ते एवढंच म्हणाले, ‘‘त्यो माणूस चूक न्हाई बोलला. पर गवताचा काय दोस? येळ चुकली आपली. मिरग येऊ दे.’’

मृग येऊ दे! एवढं साधं. साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात पाऊस लागतो, हवा दमट होते, ऊन सौम्य होतं, जमीन मात्र अजून उबदार असते आणि उबदार मातीत हरळी झपाट्याने मुळं सोडते. जे 140 लिटर मी टँकरमधून चोरत होते, ते आभाळ फुकट देणार होतं. अट एकच, थांबायची तयारी हवी. आम्ही ऑनलाइन पिढी, आम्हाला तीच नव्हती.

दुसरा निर्णय मी घेतला. 300 फुटांचं 150 करायचं. बाथरूमच्या दाराजवळचा तो हिरवा तुकडा मला सांगत होता, की ज्याला आपण अडचणीच्या दिवसांतही पाणी देऊ शकतो, तेवढंच लॉन आपलं. बाकी सगळी हौस. उरलेल्या अर्ध्या भागात शहाबादी फरशी, मोगरा, कढीपत्ता आणि आईच्या आवडीची जास्वंद.

टेक टू

मे महिन्याच्या शेवटी आम्ही ती जागा खणली आणि आतून काय काय निघालं म्हणता! विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, टाइल्सचे टवके, एक अख्खा लोखंडी गज. बांधकाम झालं की बिल्डर हा सगळा राडारोडा तिथेच पुरतात आणि वर मुरूम टाकतात. तुमचा फ्लॅट नवा असेल तर लॉनवाल्याला बोलावण्याआधी पहारीचे चार घाव घालून बघा. खण्‌ असा आवाज आला की समजा, तुमचंही गार्डन याच खानदानातलं!

आम्ही वीतभर खोल खणून सगळा राडारोडा काढला. मग सात-आठ इंचांची नवी भर. लाल पोयटा माती, जुनं कुजलेलं शेणखत आणि निचऱ्यासाठी जाड वाळू. शेणखताच्या बाबतीत अण्णा भयंकर कडक. हातात घेऊन वास घेतला, पहिल्या गोणीला सरळ परत पाठवलं. कच्च्या खताबरोबर तणाचं बी येतं आणि हुमणीच्या अळ्याही. या पांढऱ्या जाड अळ्या मातीत राहून मुळं खातात आणि वरचं लॉन गालिच्यासारखं उचलून हातात येतं.

माती सपाट केली, पण अगदी सपाट नाही. घराच्या भिंतीपासून लांब जाणारा किंचित उतार, मीटरला एखाद-दोन सेंटिमीटर. मग पाणी देऊन आठवडाभर तशीच सोडली. मला काही कळेना. आठव्या दिवशी कळलं. सगळीकडे लव्हाळा उगवून आला होता. तो एकदा लॉनमधून डोकं वर काढायला लागला की आयुष्यभराची डोकेदुखी, म्हणून त्याला आधीच फसवून वर काढायचा आणि खालच्या गाठीसकट उपटायचा. अण्णा खुरपं घेऊन स्टुलावर बसले आणि दोन दिवस एकेक गाठ काढत राहिले. त्या दोन दिवसांत ते माझ्याशी जेवढं बोलले, तेवढं गेल्या वर्षभरात बोलले नव्हते.

या वेळी रोल पहाटे मागवले. सकाळी सहाला टेम्पो, अकराला काम खलास. नियम असा की कापल्यापासून 24 तासांच्या आत गवत जमिनीवर पाहिजे, उन्हाळ्यात तर त्याच दिवशी. खालची माती आधी ओली करून वाफसा येऊ द्यायचा, म्हणजे ती ओलसर असावी, पण पायाला चिकटू नये. कोरड्या तापलेल्या मातीवर गवत टाकणं म्हणजे गरम तव्यावर टाकणं.

अंथरायचं विटांच्या बांधकामासारखं, सांधे एका रेषेत येऊ न देता. तुकडे एकमेकांना घट्ट भिडवायचे. फट नको आणि एकावर एक चढायलाही नको. सांध्यांत बारीक वाळू-माती भरायची. मग रोलर फिरवायचा, म्हणजे गवताची माती खालच्या मातीला टेकते. मध्ये हवेची पोकळी राहिली तर मुळं तिथे येऊन थांबतात आणि वाळतात. आमच्याकडे रोलर नव्हता. नवऱ्याने फळी टाकली आणि तिच्यावर उड्या मारल्या. मेडिटेशनपेक्षा हे जास्त उपयोगी पडलं.

आणि शेवटचा तुकडा बसेपर्यंत पाण्यासाठी थांबायचं नाही. थोडा भाग झाला की लगेच पाणी. पहिलं पाणी एवढं, की कोपरा उचलून बघितला तर खालची माती तीन-चार इंच भिजलेली दिसली पाहिजे.

पहिले 21 दिवस

पाण्याचं टाइमटेबल असं. पहिला आठवडा दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं. मुख्य पाणी सकाळी लवकर, दुपारी एक हलका शिडकावा, गरज वाटली तर ऊन उतरताना तिसरं. रात्री नाही. रात्रभर पाती ओली राहिली की बुरशीला आमंत्रण! दुसऱ्या आठवड्यात दिवसातून एकदा, पण जरा जास्त. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस आड, भरपूर. पाऊस पडला तर त्या दिवशी सुट्टी. पण नुसती भुरभुर म्हणजे पाऊस नव्हे. कोपरा उचला, बोट घाला आणि खात्री करा.

हळूहळू पाणी लांबवण्यामागे अण्णांचं तत्त्व आहे, ‘‘मुळीला ताण द्यावा लागतो. वरच पाणी मिळालं तर ती खाली कशापायी जाईल?’’ रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच्या दोन इंचांत ऐशआरामात राहतात आणि पहिल्याच उन्हात माना टाकतात. अंतर ठेवून खोल पाणी दिलं की ती पाण्याच्या मागे खाली जातात. (मुलं वाढवण्याबद्दलही त्यांचं हेच मत होतं, असं आता माझ्या लक्षात येतंय!)

पाणी किती पडतंय ते मोजायचं कसं? लॉनवर तीन-चार सरळ कडांचे स्टीलचे डबे ठेवा, पाणी मारा आणि पट्टीने मोजा. डब्यात 5 मिलिमीटर म्हणजे लॉनवर 5 मिलिमीटर. पाइपचं गणितही करून ठेवा. 20 लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते एकदा बघा, म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे बंद होईल.

तहान ओळखायची खूण सोपी आहे. चालून गेल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिले, किंवा हिरव्यावर निळसर-करडी झाक आली, तर गवताला तहान लागली आहे. पायाखाली पचपच वाजलं, पिवळेपणा आला आणि कुबट वास सुटला, तर पाणी जास्त झालंय. गंमत म्हणजे दोन्हींत लॉन पिवळं पडतं आणि दोन्हींत आपला हात आधी नळाकडेच जातो.

या 21 दिवसांत लॉनवर चालायचं नाही, बसायचं नाही, सेल्फी नाही. दोन आठवड्यांनी एक टेस्ट घ्या. गवत चिमटीत धरून हलकेच वर ओढा. कार्पेट उचललं गेलं, तर अजून थांबा. घट्ट बसलं असेल, खालून कुणी तरी धरून ठेवल्यासारखं, तर अभिनंदन, मुळं उतरली! आमची टेस्ट सोळाव्या दिवशी पास झाली. मी जोरात ओरडले. वरच्या मजल्यावरून कुणी तरी डोकावून बघितलं, काय झालं म्हणून.

पावसाळ्यात लावताना एक काळजी घ्या. अगदी धो-धो पावसाच्या दिवशी अंथरू नका, नाहीतर सांध्यांतली माती वाहून जाते. आणि पाणी साचणारी जागा दिसली तर तिथलं कार्पेट उचलून, खाली भर टाकून लगेच पुन्हा बसवा. मुळं धरल्यावर तेच काम दहापट कठीण होतं.

कटिंग आणि खाणं

पहिली कापणी घाईत नको. मुळं धरली आहेत, उंची दोन इंचांच्या आसपास आली आहे आणि जमीन कोरडी आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या की मगच. एका वेळी उंचीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापायचा नाही. पान म्हणजे गवताचं स्वयंपाकघर. तेच तोडून टाकलं तर मुळं उपाशी. पातं धारदार हवं, नाहीतर टोकं फाटतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं लॉन तांबूस दिसतं.

खत साधारण महिन्याने. आम्ही 19:19:19 हे विरघळणारं खत लिटरला 2 ते 3 ग्रॅम घालून झारीने देतो आणि वर साधं पाणी मारतो. हाताने युरिया फेकण्याचं नाव आता घरात कुणी काढत नाही.

आणि हो, ऊन! हरळीला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. दोन टॉवरच्या मध्ये तुमची जागा असेल, तर आधी एका रविवारी सकाळपासून दर तासाला फोटो काढून ऊन किती तास येतं ते मोजा. कमी ऊन असेल, तर सावली सोसणाऱ्या जाती नर्सरीत विचारा. मेक्सिकन किंवा कोरियन नावाने मिळणारं झॉयशिया गवत अर्धवट सावली थोडीफार सोसतं, पण ते फार हळू वाढतं. गडद सावलीत मात्र कुठलंच लॉन नको. तिथे फरशी टाका आणि मनीप्लँट लावा. नशिबाशी भांडू नका.

पाण्याचंही एक जमलं. सोसायटीच्या एसटीपीचं प्रक्रिया केलेलं पाणी रोज जास्तीचं म्हणून गटारात जात होतं. मीटिंगमध्ये ज्या काकांनी मला ऐकवलं, त्यांच्याकडेच मी अर्ज घेऊन गेले. बागेसाठी वेगळा नळ मिळाला. आता 150 फुटांच्या लॉनला उन्हाळ्यात आठवड्याला 25 मिलिमीटर, म्हणजे साधारण 350 लिटर पाणी लागतं आणि त्यात पिण्याच्या पाण्याचा एक थेंब नसतो. घरात वॉटर सॉफ्टनर असेल, तर त्याचं पाणी मात्र लॉनला नको. त्यातला सोडियम माती घट्ट करतो, जमीन चोपण होत जाते.

थोडक्यात, पण महत्त्वाचं

- मुहूर्त: जूनमधला पाऊस स्थिरावला की, नाहीतर पावसाळा ओसरताना. एप्रिल-मे टाळाच.
- माप: टंचाईच्या दिवसांतही जेवढ्याला पाणी देऊ शकाल तेवढंच.
- राडारोडा आधी, माती मग, गवत शेवटी.
- रोल आले त्याच दिवशी अंथरा. ढीग करून ठेवू नका.
- पाणी सकाळी. आधी थोडं आणि वारंवार, मग जास्त आणि अंतराने.
- तीन आठवडे पाय नको, महिनाभर खत नको.
- पहिला महिना कुठेही फिरायला जाऊ नका. गेलात, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या भरवशावर नको.

आता या लॉनला दोन पावसाळे झाले. रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला अण्णा मागच्या पायरीवर बसतात, चपला काढून ठेवतात आणि पाय गवतात सोडतात. हातात खुरपं असतंच. लव्हाळ्याची एखादी काडी दिसली की तिचं काही खरं नसतं. मीटिंगमधले काका हल्ली चहाला येतात आणि दोघं मिळून धरणांच्या पाणीसाठ्यावर चर्चा करतात.

मशीन फिरवताना मी एक कोपरा सोडते. बाथरूमच्या दाराजवळचा तो जुना तुकडा. दुसरं लॉन लावताना अण्णांनी तो काढू दिला नव्हता. ‘‘ह्याला कापायचं न्हाई,’’ अशी ऑर्डर आहे. तिथली हरळी मनासारखी वाढते, पसरते, लांब कोंब काढते. गणपतीच्या दिवशी सकाळी अण्णा तिथे बसून तीन-तीन पात्यांचे कोंब खुडतात आणि एकवीसची जुडी बांधतात.

गेल्या वर्षी मी त्यांना चिडवलं, ‘‘अण्णा, विकतच्या हरळीच्या दूर्वा चालतात का हो देवाला?’’

जुडीला दोरा गुंडाळत ते म्हणाले, ‘‘इकतची कुठली? ही घरचीच हाय आता. वढून बघ की.’’